डावीकडे एक इंच जास्त

मित्रांनो, मुदखेडला स्टेशनच्या मागच्या गल्लीत शिवणकामाचं एक छोटं दुकान आहे. तिथे मशीनशेजारच्या खिळ्याला लटकलेली मापाची जुनी पिवळी टेप म्हणजे मी. साठ इंच लांब आहे. सुरुवातीचे आकडे बोटांनी घासून पुसट झालेत, दुसऱ्या टोकाची पत्र्याची पट्टी कधीच निघून गेली, पण माझं माप आजपर्यंत चुकलेलं नाही. मला याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. "कंबर जरा कमीच लिही गं," असं बायका हसत सांगतात. लिहिणारीने काय लिहायचं ते लिहावं, मी आपली जागा सोडत नाही.

मला नांदेडच्या इतवारा बाजारातून दुकानाच्या मालकिणीने, मलिकाने आणलं. एका खोक्यात आम्ही बारा बहिणी होतो. मलिकाने एकेकीला ताणून पाहिलं आणि मला उचललं. तेव्हापासून मी तिच्या गळ्यात. तिच्या हातचा ब्लाऊज अंगावर असा बसायचा की आजूबाजूच्या दहा गावांतल्या नवऱ्या मुली आमच्याच दुकानाचा हट्ट धरायच्या. त्यातलं निम्मं कौतुक माझं होतं, असं मी मानते.

आमच्या भागात मात्र एक रीत आहे. खेड्यातल्या बायका मापाला स्वतः येत नाहीत. नीट बसणारा एखादा जुना ब्लाऊज पिशवीत घालून पाठवतात. त्याला मापाचा ब्लाऊज म्हणतात. अंगाला कुणी हात लावायचा म्हणजे लाज, शिवाय शेत सोडून यायला वेळ नाही. मग मी त्या जुन्या कापडावर आडवी पडायची आणि आकडे सांगायची. मला हे काम कधीच आवडलं नाही. कापड होतं तेवढंच राहतं, अंग बदलतं.

आता एक दुःखाची गोष्ट सांगते. मलिका मान खाली घालून शिवायला बसली की मी तिच्या छातीवर लोंबायची. एके वर्षी मला तिथे काहीतरी टणक लागायला लागलं. तिची मुलगी नाझनीन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्याही ते लक्षात आलं.

"अम्मी, दवाखाने कू चलते ना," ती म्हणाली.

"चुप बैठ," मलिका म्हणाली. "तेरा रिश्ता हो जाने दे पैले. लोगां को मालूम पड्या तो बोलेंगे, माँ को है तो बेटी को बी होता."

नाझनीन गप्प बसली. तिचं लग्न झालं, मलिकाने सगळे कपडे स्वतः शिवले, आणि नंतर दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. पुढच्या रमजानला मलिका नव्हती. मला फार वाईट वाटलं. सगळं कळूनही बोलता येत नाही, ही टेपेची शिक्षा आहे.

दुकान नाझनीनने चालवायला घेतलं. हात आईचाच होता. शेजारच्या वाडीतल्या साखराबाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांची आणि त्यांच्या नवऱ्याची, सटवाजींची, फुलशेती आहे, झेंडू आणि गुलाबाची. साखराबाई कधी दुकानात आल्या नव्हत्या. त्यांची मुलगी साक्षी कॉलेजला जाता जाता आईचा मापाचा ब्लाऊज ठेवून जायची.

संक्रांतीचा ब्लाऊज शिवून गेला आणि आठ दिवसांत परत आला. "आपा, डावीकडून दाटतोय म्हणते आई," साक्षी म्हणाली. नाझनीनने शिवण उसवली आणि डावीकडून थोडं सैल केलं. पाडव्याचा ब्लाऊजही तसाच परत आला. नाझनीनने पुन्हा सैल केलं आणि स्वतःच्याच हाताला दोष दिला. नागपंचमीचा परत आला तेव्हा तिने मला तीन वेळा त्या कापडावर लावलं. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. शिलाई बरोबर होती. माझं माप तर बरोबर असणारच!

नाझनीनने ब्लाऊज घडी घालून बाजूला ठेवला. मग साक्षीला म्हणाली, "आईला घेऊन ये. त्यांनी यायलाच पाहिजे."

साखराबाई कुरकुरत आल्या. नाझनीनने पडदा ओढला. पाठीच्या मध्यापासून छातीच्या मध्यापर्यंत मला आधी उजवीकडून लावलं. साडेसतरा. मग डावीकडून. साडेअठरा. एक इंच जास्त. आणि त्या इंचाखाली मला तेच टणक लागलं, जे मलिकाच्या वेळी लागलं होतं.

"काकू, ही गाठ कधीपासून हाय?"

"आसंल की दिवाळीपासनं. दुखत तर न्हाई." साखराबाईंनी पदर ओढून घेतला. "तू कुठं बोलू नको बाई. साक्षीची सोयरीक चालू हाय धुरपताबाईच्या पोरासंगं, हरिओमसंगं. त्यांच्या कानावर गेलं तर मोडंल. दसरा होऊ दे, झेंडूची तोडणी होऊ दे, मग बगू."

नाझनीनने मला गळ्यात टाकलं आणि ती त्यांच्यासमोर बसली. "काकू, माझी अम्मी अशीच म्हणली होती. माझ्या रिश्त्यासाठी गप बसली, आन् मी बी गप बसले. ह्ये माझं चुकलं. आता पुन्यांदा न्हाई चुकणार."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघी नांदेडला निघाल्या. एक बुरख्यात, एक डोक्यावर पदर घेऊन. घरी सांगितलं होतं, कापड आणायला जातोय. मी नाझनीनच्या पर्समध्ये होते.

डॉक्टरीणबाईंचं नाव बुद्धप्रिया. त्यांनीही गाठ टेपनेच मोजली. ती सेंटिमीटरवाली होती, लांबच्या नात्यातलीच म्हणायची. मोजून झाल्यावर त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. "हा आजार हिंदू बाईलाही होतो आणि मुसलमान बाईलाही. पण ज्यांच्या घरात याचं नाव घेतात, त्या हरभऱ्याएवढी गाठ घेऊन येतात आणि बहुतेक बऱ्या होतात. तुम्ही लिंबाएवढी झाल्यावर येता. तुमचं अंग काही वेगळं नाही. तुम्हाला विचारणारं कुणी नसतं, सोबत यायला कुणी नसतं, आणि दवाखाना लांब पडतो. तरी अजून वेळ गेलेली नाही."

तपासण्या झाल्या आणि साखराबाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला. मी हा शब्द मुद्दाम पूर्ण उच्चारते, कारण आमच्या गल्लीत त्याला नुसतं 'तो आजार' म्हणायचे.

सटवाजींना नाझनीननेच सांगितलं. ते दुकानाच्या पायरीवरून उठले आणि बायकोला म्हणाले, "फुलं तोडायला बाया भेटतील. तू चल." सहा महिने ते दर खेपेला सोबत गेले. औषधांनी साखराबाईंचे केस गेले, मग ऑपरेशनमध्ये डावी बाजू काढावी लागली. लोकांना सांगितलं, टायफॉइड झाला होता. सोयरीक तेवढी पक्की झाली.

ऑपरेशननंतर साखराबाई स्वतःहून मापाला आल्या. नाझनीनने वहीत उजवीकडचं एक माप लिहिलं आणि डावीकडचं वेगळं. मग आतून मऊ सुती गादी शिवली आणि दोन्ही बाजू अशा जुळवल्या की आरशात बघून साखराबाई पुन्हा ताठ उभ्या राहिल्या. उभ्या जन्मात इतकं अवघड माप मी घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्यांत जास्त खूश होते.

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. लग्नाचे ब्लाऊज टाकायला विहीणबाई धुरपताबाई दुकानात आल्या होत्या. सोबत साक्षी आणि साखराबाई. धुरपताबाईंनी पिशवीतून मापाचा ब्लाऊज काढला. साखराबाईंनी तो पाहिला आणि एकदम म्हणाल्या, "इहीणबाई, मला टायफॉइड न्हवता झाला. कॅन्सर झाला होता. छातीचा. डावी बाजू काढली हाय. लगीन व्हायच्या आधी तुमाला ठावं पायजे."

साक्षीचा चेहरा पांढरा पडला. नाझनीनचा पाय मशीनवरच थांबला. मी खिळ्यावर होते. माझ्याच्याने धुरपताबाईंकडे बघवेना.

"सोयरीक पोरीची केली हाय," धुरपताबाई अखेर म्हणाल्या, "तुमच्या छातीची न्हाई."

साखराबाईंना रडू फुटलं. पण धुरपताबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी तो जुना ब्लाऊज परत पिशवीत कोंबला आणि पडद्याकडे गेल्या. "नाझनीन, टेप घी. माझं माप अंगावरच घी. उजव्या अंगाला दोन वर्सं झाली, एक गाठ हाय. सांगावं कुणाला, तेच समजंना."

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, पण घरी एक काम तुम्ही करू शकता. आईला, मावशीला, आत्याला विचारा, "तुला कुठं गाठ तर नाही ना?" त्या रागावतील, विषय बदलतील. पुन्हा विचारा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

नाझनीनने मला खिळ्यावरून काढलं. साखराबाईंनी डोळे पुसले आणि पडद्याआड जाऊन विहीणबाईंचा हात धरून उभ्या राहिल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ," त्या म्हणाल्या. "मी हाय सोबत. मला समदं ठावं हाय तिथलं."