बुधवार कोणाचा?

मी एक करारनामा बोलतोय. जमिनीचा नाही की दुकानाचाही नाही. माझ्यात एका मुलीचे दिवस लिहिलेले आहेत.

माझा जन्म रायपूरच्या कुटुंब न्यायालयातल्या मध्यस्थी कक्षात झाला. राकेश रेल्वेतला, राहणार बुढापारा. अपर्णा सरकारी कचेरीत. ती चौबे कॉलनीत वेगळी राहू लागली होती. घटस्फोटाला दोघंही तयार होते. अडलं होतं ते नऊ वर्षांच्या रुचितावरून. मध्यस्थ विमलाताईंनी चार बैठका घेतल्या आणि मी टाइप झालो. रुचिता आईकडे राहील, बुधवारची संध्याकाळ आणि रविवार बाबांकडे, सुट्ट्या निम्म्या-निम्म्या. सह्या झाल्या, न्यायालयाचा शिक्का बसला. एक प्रत अपर्णाकडे गेली. मी राकेशच्या वाट्याला आलो.

दोन वर्षं मी चोख चाललो. बुधवारी पाचला राकेशची स्कूटर दारात. अपर्णानं कधी आडकाठी केली नाही. मला माझा फार अभिमान वाटायचा.

मग रुचिता शाळेच्या खो-खो संघात निवडली गेली. सराव नेमका बुधवारी संध्याकाळी!

राकेश आला तेव्हा ती बूट बांधत होती. त्यानं खिशातून मला काढलं.

"लिहून हाय न यात? बुधवार माझा हाय."

"मले वाचता येते," अपर्णा म्हणाली. "पण पोट्टीले खेळायचं हाय. तिलेच विचार न."

"तूच शिकवून राहिली तिले!"

रुचिताला मराठी सगळी कळायची, पण रागात हिंदीच यायची. "बुधवार मेरा है," ती म्हणाली. "आप दोनों का नहीं." आणि ताडताड मैदानाकडे निघून गेली.

राकेशनं मला चुरगाळून खिशात कोंबलं. मला राग आला नाही, लाज वाटली. माझ्या चार पानांत तिचं नाव अकरा वेळा होतं; तिला विचारून लिहिलेली ओळ एकही नव्हती.

तो घरी गेला नाही. मैदानाच्या कठड्यावर जाऊन बसला. पोरगी खांबाला वळसा घालून अशी काही झेपावली, की तो उभाच राहिला. सराव संपल्यावर तिच्याजवळ गेला.

"भूक लागली का?"

"हव," ती म्हणाली.

तिला घरी सोडताना तो दारातच घुटमळला. "रविवारी अभनपूरले मॅच हाय म्हणते. तू येशील?"

"येईन न," अपर्णा म्हणाली. "काहून नाही?"

अभनपूरला दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. संघ हरला. दोघांचेही घसे बसले.

पुढच्या महिन्यात तिघंही विमलाताईंकडे गेले. या वेळी ताईंनी आधी रुचिताला एकटीला आत बोलावलं. ती बराच वेळ बोलत होती. दोघांनी मिळून न्यायालयात अर्ज दिला आणि नवा करारनामा मंजूर झाला. त्यात एक अट अशी, की दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी तिघांनी बसून दिवस ठरवायचे.

मी आता रद्द झालोय. राकेशच्या कपाटात, जुन्या विजेच्या बिलांखाली पडून असतो. पण वाईट वाटत नाही. आईबाबांनो, वेगळे होणार असाल तर माझ्यासारखा कागद जरूर करा, नीट वाचून सही करा. फक्त पोरांचे कपडे आखूड होतात तसा मीही आखूड होतो, एवढं ध्यानात ठेवा. मग मला खुशाल बाजूला सारा. मी रुसणार नाही.