कोमट कढई

सुनेच्या वागण्यात मिठापुरतं तरी शहाणपण असावं, तर तेही नव्हतं, असं बाईंचं ठाम मत होतं. काही विचारलं की या मुलीने आधी हसायचं, मग "सोपं आहे, आई" म्हणायचं, आणि मग असं काही सांगायचं की ऐकणाऱ्याचं डोकं गरगरावं. वर त्याला कळलं नाही की पुन्हा हसायचं. सासूसमोर इतकं हसतं का कोणी? बाईंच्या सासूसमोर बाईंना शिंकायचीसुद्धा चोरी होती.

बाईंचा खजुराच्या पाकाचा कारखाना होता. शाळेशी त्यांची ओळख सहीपुरती, पण नवरा गेल्यावर तो कारखाना त्यांनी एकटीने उभा ठेवला, आणि हे त्या कोणाला विसरू देत नसत. खजूर गरम पाण्यात भिजवायचा, दाबून रस काढायचा, गाळायचा आणि वाफेवरच्या तीन मोठ्या कढयांत आटवायचा. उरलेल्या बियांचा मागच्या अंगणात डोंगर होई आणि गुरांच्या खाद्यासाठी तो गाडीत भरून जाई. त्यात कोणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते सुनेचं. लग्नाआधी ती कुठल्याशा प्रयोगशाळेत होती. तिने तो डोंगर पाहिला आणि तिचे डोळे असे चमकले की सोनाराच्या दुकानातही कोणाचे चमकत नसतील. बिया दळायच्या, पाण्यात उकळायच्या, निववायच्या, आणि मग त्यात बाटलीतलं तपकिरी पाणी ओतायचं. त्या पाण्यात एन्झाइम असतं म्हणे. बियांमध्ये साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात, त्या ते कापतं. कापलेले बारीक तुकडे म्हणजे प्रीबायोटिक.

"म्हणजे औषध," बाई जेवताना म्हणाल्या होत्या.

"औषध नाही, आई. अन्नच."

"पचायला कसं?"

"पचत नाही. तेच तर चांगलं."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा ताटात तोंड घालून बसला होता. आई आणि बायको यांच्यामध्ये बसायची वेळ आली की त्याला नेहमी फार भूक लागे.

"जे पचत नाही ते माणसाने खायचं कशाला?"

"आपल्याला पचत नाही. आतड्यातल्या चांगल्या जंतूंना पचतं. ते खातात, वाढतात, आणि पोट नीट राहतं."

"अस्सं. म्हणजे माझ्या पोटात पाहुणे उतरलेत आणि त्यांचा स्वयंपाक तू करणार. मला विचारलंस?"

मुलाला हसू फुटलं आणि लगेच ठसका लागला.

"आणि ते बाटलीतलं? ते जिवंत आहे?"

"नाही."

"मग आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी थर्मामीटर घेऊन कढईपाशी का बसतेस?"

"जास्त तापलं तर मरतं ना."

"जिवंत नाही, आणि मरतं."

"मरतं म्हणजे, बोलायची पद्धत हो. काम करेनासं होतं." आणि ती हसली.

काम करेनासा होणारा एक मनुष्य समोरच बसला होता, पण बाईंनी तो विषय काढला नाही. त्यांनी तिसरी कढई सुनेला दिली आणि अटही घातली. एका खाद्य कंपनीचा खरेदीवाला नमुना न्यायला येणार होता. नमुना त्याच्या पसंतीला उतरला तर कढई सुनेची. नाही तर कढई पाकाला परत, आणि सुनेने आपली प्रयोगशाळेची नोकरी पुन्हा शोधावी. सून हो म्हणाली. तेव्हा मात्र हसली नाही.

नमुना न्यायच्या दिवशी दुपारी बाई नेहमीप्रमाणे फेरी मारायला निघाल्या. सून गाळायचं कापड आणायला बाजारात गेली होती. तिने "हात लावू नका" म्हणून बजावलेला बॉयलरवाला बाकीच्या माणसांबरोबर चहाला गेला होता. बाईंनी पहिल्या कढईला हाताची मागची बाजू लावली: कढत. दुसरीला लावली: गार, धुतलेली. तिसरीला लावली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. कोमट.

या कारखान्यात कोमट काही ठेवायचं नसतं. रस एक तर उकळता असावा, नाही तर बर्फासारखा. मधल्या मध्ये राहिला की आंबतो, आणि एकदा आंबला की ओतून द्यावा लागतो. कोमट रस झाकून घरी जाणाऱ्या दोघांना बाईंनी कामावरून काढलं होतं. त्यांनी झाकण उचललं. आत गढूळ पाणी, कडेला बारीक फेस, गोडसर आंबूस वास. डोकं काही म्हणायच्या आत हाताने वाफेचं चाक फिरवलं.

छान उकळी फुटली. वेळेवर आपलं लक्ष गेलं या समाधानात बाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग एकदम आठवलं. जास्त तापलं तर मरतं.

त्यांनी घाईघाईने चाक बंद केलं आणि त्या कढईत डोकावल्या. वर काही तरंगत असेल, असंच त्यांना वाटलं होतं. काही नव्हतं. मघाचंच गढूळ पाणी. मेलेलं दिसेना, पण जिवंत असताना तरी कुठे दिसलं होतं? आणि जिवंत नव्हतंच म्हणे. मग आपण नक्की कोणाला मारलं?

सून कापड घेऊन आली ती वाफ पाहून दारातच थबकली. तिने थर्मामीटर बुडवला, पाहिला, पुसला.

"उकळी केव्हा आली?"

"आत्ताच." बाईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "पुन्हा ओत ना बाटलीतलं."

"बाटली संपली, आई. नवी मागवावी लागेल. सकाळी घातलं होतं, अजून अर्धंही कापून झालं नसेल."

कोमट ठेवतेसच कशाला, असं तोंडावर आलं होतं बाईंच्या. पण तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला. खरेदीवाला हातात पेटी घेऊन आत आला, त्याच्यामागून चहावरून परतलेली माणसंही आली.

"नमुना तयार नाही," सून म्हणाली. "माझ्याकडून तापमान चुकलं. माल उकळला."

बाईंना वाटलं, आपले कान गेले. चुकलं कोणाचं आणि बोलतंय कोण? खरं सांगून मोकळी झाली असती तर कढई वाचली नसती का? हा डाव होता, की दया? डाव असता तर बाईंना कळला असता, डाव त्यांना कळत. दया असेल तर मात्र ती त्यांना सोसणार नव्हती.

"ताई, एक कढई सांभाळता येत नाही तर पुढे मोठा माल कसा द्याल?" खरेदीवाला पेटी बंद करत म्हणाला. "आम्हाला दुसरेही विचारताहेत."

"अहो, थांबा," बाई म्हणाल्या. "चाक मी फिरवलं."

"तुम्ही? का?"

"कोमट होतं म्हणून."

"बाई, ते कोमटच असावं लागतं."

"सगळे मला तेच सांगतात, आणि मला कळत नाही."

खरेदीवाल्याने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे. चूक माझी, चूक माझी म्हणून भांडणाऱ्या बायका त्याने बहुधा पाहिल्या नव्हत्या. "कोणी बिघडवलं ते तुम्ही आपसात ठरवा," तो म्हणाला. "नवा नमुना झाला की कळवा. घेईन म्हणत नाही, बघेन." आणि तो गेला. माणसं आपापल्या कामाला पांगली.

सुनेने पदर खोचला. "नमुना गेला नाही. अट अट आहे, आई. कढई उद्या धुऊन देते."

"खोटं का बोललीस?"

"तुमच्या कारखान्यात, तुमच्याच माणसांसमोर तुमचं नाव कसं घेणार?"

हेही बाईंना नीट कळलं नाही. पोटातल्या पाहुण्यांइतकंच कळलं. बंद केलेलं वाफेचं चाक त्यांनी पुन्हा एकदा घट्ट आवळलं. मग सुनेकडे वळून म्हणाल्या,

"ऐक. खोटं बोललीस, आणि तेही इतकं वाईट की ऐकताना मलाच लाज वाटली. माझी चूक दुसऱ्याने उचलावी इतकी मी अजून थकलेली नाही. तुझं ते पाणी जिवंत की मेलेलं, मला कळलेलं नाही आणि कळायचं नाही. पण कढई तुझी. त्या चाकाला साखळी घाल, कुलूप लाव, आणि मी किल्ली मागितली तरी मला देऊ नकोस."