थोरलीच्या आधी वाजणारी

मित्रांनो, मी पियानोवर वाजवायची एक धून आहे. जुनी असते तर मान मिळाला असता, पण मी नवी आहे आणि माझा जन्मच दुसरीसाठी झाला. ती दुसरी फार जुनी, नावाजलेली. एक साधी चाल, आणि पुढे तिचीच कितीतरी रूपे: कधी धावती, कधी रडवी, कधी नाचरी. मी तिला थोरली म्हणते. तोंडावर नाही.

मला पियानो शिकवणाऱ्या एका बाईंनी रचले. कार्यक्रमात थोरली सुरू झाली की लोक आधी खोकत, खुर्च्या सरकवत. एकदा बाई वैतागून घरी आल्या. त्यांचे यजमान पियानो सुरात लावायचे काम करीत. ते म्हणाले, "मग आधी दुसरं काहीतरी वाजव ना. लोकांचं खोकून होऊ दे एकदाचं."

झाले! खोकला झेलण्यासाठी मी जन्मले. वर बाईंनी माझा शेवट मुद्दाम अर्धवट ठेवला. माझा शेवटचा सूर लोंबकळत राहतो आणि थोरलीचा पहिला सूर त्याला हात देतो. मध्ये कुणी थांबतच नाही, मग टाळ्या कुठून पडणार? सगळ्या तिच्या पदरात. मी आतल्या आत जळायची. एक गृहस्थ तर बाईंना म्हणाले, "वा! पण सुरुवातीला बोटं मोकळी करत होतात, ते काय होतं?" बाई हसल्या. ते हसू मला अजून झोंबते.

एकच सुख होते. बाईंनी यजमानांना मलाच शिकवले. थोरली त्यांच्या जाड बोटांना झेपणारी नव्हती. "अहो, हळू! खिळे ठोकताय का?" असे म्हणत बाई शेजारी बसायच्या. माझा शेवट आला की, "सरका आता," म्हणून त्यांना बाकाच्या कडेला ढकलायच्या आणि पुढचे स्वतः वाजवायच्या.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

आता यजमान रोज मलाच वाजवतात. थोरली या घरात वाजत नाही. मला वाटले, जिंकले मी!

परवा बाईंची धाकटी बहीण आली होती. मी संपले आणि तिने टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या!

"छान वाजवता की, भावजी!"

"टाळ्या कसल्या वाजवतेस?" ते म्हणाले. "अजून संपलं कुठंय?"

आणि ते बाकाच्या कडेला सरकून बसले.

तेव्हाही, मित्रांनो, ते वाट बघत होते ती थोरलीचीच.

म्हणून सांगते, घरात कुणाला काही सुंदर येत असेल, तर त्यांच्या शेजारी बसून ते पुरते शिकून घ्या. अवघड असले तरी घ्या. थोरलीवर माझा राग आहे आणि राहील. पण मला एकटीला वाजवत बसू नका.