स्वप्नालीचं ऑडिट

"मान वर. अजून थोडी. हां, आता हस बघू," हिंदुराव म्हणाला, आणि पोरगी हसली.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही सकाळपासून ताटकळत होतो. हिंदुराव उकिडवा बसून स्वप्नालीच्या चाकाच्या खुर्चीच्या तारा पुसत होता. त्यासाठी कंपनीतल्या मशीन पुसायच्या चिंध्या घेऊन आला होता. वॉर्डातली आया दुर्गाबाई फरशी पुसत पुसत आमच्यापर्यंत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, ते खासदार लोक खुर्ची बघायला येणारेत का पोरगी?"

"मावशी, ऑडिट हाय," हिंदुराव वर न बघता म्हणाला. "ऑडिटला सगळंच बघत्यात."

हे ऑडिटचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर या माणसाचं डोकं कसं चालायचं ते कळणार नाही. हिंदुराव आणि मी, नवनाथ, महाळुंग्याला एकाच कंपनीत. गाड्यांच्या ब्रेकचे बारीकसारीक पार्ट तिथे होतात. मी प्रेसवर, तो तपासणीला. अधूनमधून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे साहेब ऑडिटला येतात. ते यायच्या आधी जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवायचे, खराब निघालेला माल शेडच्या मागे नेऊन ताडपत्रीखाली झाकायचा, आणि उत्तरं पाठ करायची. साहेबाने विचारलं तेवढंच बोलायचं. होय साहेब, ओके साहेब. आपलं रडगाणं पाहुण्यापुढे गायचं नाही. या कामात हिंदुरावाचा हात धरणारा कुणी नव्हता. आमचे सुपरवायझर साहेबराव ऑडिटच्या दिवशी त्यालाच पुढे उभा करायचे. हिंदुराव असला की पास, असं सगळी लाइन म्हणायची.

स्वप्नाली त्याची एकुलती एक. दहा वर्षांची, तोंडाची टकळी अखंड चालू, पण स्नायूंचा आजार जन्मापासूनचा. अंगातलं बळ दरवर्षी थोडं थोडं ओसरत जायचं. मध्ये सरकारी योजनेतून तिला एक औषध मिळायला लागलं, सरबतासारखं पाजायचं. त्याने ती उठून चालायला लागली नाही, पण ओसरणं थांबलं. स्वतःच्या हाताने घास तोंडात घालायला लागली. वेणी घालताना मान धरून बसायला लागली. हिंदुरावाची बायको पूनमवहिनी एरवी घुमी, ती त्या वर्षी चाळीत सगळ्यांना बोलावून बोलावून पोरीचं जेवण दाखवायची.

मग दिल्लीत तज्ज्ञांचं मंडळ बसलं. एका पारड्यात औषधाची किंमत, दुसऱ्यात फायदा. पोरं चालत तर नाहीत, म्हणजे फायदा पुरेसा नाही, असं त्यांनी ठरवलं. दिवाळीत औषध बंद. हात तोंडापर्यंत जातो, याला फायदा म्हणत नाहीत म्हणे! अरे, भरवणाऱ्या आईला विचारा ना एकदा. पण तिला कोण विचारतंय?

नाही म्हणायला, विचारायला कुणीतरी निघालं. त्या निर्णयावर संसदेत ओरड झाली आणि खासदारांच्या समितीने तो तपासायला घेतला. ही समिती ठिकठिकाणी फिरून पोरं बघत होती. आमच्या रुग्णालयातून डॉक्टर नेहा मॅडमनी स्वप्नालीचं नाव दिलं आणि हिंदुरावाला बजावून सांगितलं, "समितीने शिफारस केली तर औषध परत सुरू होईल. दुसरा रस्ता नाही. स्वप्नाली जशी आहे तशी आणा. मानेचा पट्टा, घशातला कफ ओढायचं मशीन, सगळं असू दे. औषध बंद झाल्यावर काय झालं ते त्यांना दिसलं पाहिजे."

हिंदुराव "होय मॅडम" म्हणाला आणि घरी येऊन त्याने नेमकं उलटं केलं.

त्याला कारण बुद्धभूषणची बाटली. बुद्धभूषण पिंपरीचा. त्याच्या मुलालाही, प्रीतमलाही, हाच आजार. रुग्णालयाच्या रांगेत या दोघा बापांची दोस्ती झालेली. थंडीत प्रीतम गेला. बंद व्हायच्या आधी मिळालेलं त्याचं उरलेलं औषध खरं तर परत जमा करायचं असतं. ते न करता बुद्धभूषण बर्फाच्या डब्यात बाटली घालून महाळुंग्याला आला. मी तिथेच होतो.

"माझ्या पोराचं राहिलेलं तुझ्या पोरीला लागू दे, भावा," तो म्हणाला. "फक्त माझं नाव कुठं घेऊ नको. बायको सरकारी दवाखान्यात कामाला आहे. तिची नोकरी जाईल."

हिंदुरावाने स्वप्नालीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ. नाव निघायचं न्हाई."

दिवाळीनंतर पोरीचा हात खाली आला होता, पाणी पिताना ठसका लागत होता. त्या बाटलीने ती पुन्हा सावरली. मॅडमना कळू नये म्हणून हिंदुरावाने तपासणीला न्यायचंच बंद केलं. औषध पुरवून पुरवून पाजलं आणि शेवटचं समिती यायच्या दिवशी सकाळी.

"अहो, मॅडम म्हणाल्या तसं करा ना," वहिनी आमच्याबरोबर निघताना म्हणाली.

"तुला ऑडिटातलं काय कळतंय? पोरगी जितकी चांगली दिसंल, तितकं औषध चांगलं ठरंल. रिजेक्ट माल दाखवून कुणी ऑर्डर मिळवलीय का आजवर?"

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं.

दुपार कलली तेव्हा समिती आली. अध्यक्षबाई वयस्क, परराज्यातल्या, हिंदीत बोलणाऱ्या. बरोबर आपल्याकडचे एक म्हातारे खासदार, आणि पाठीमागे लिहून घेणारा अधिकारी. माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. अध्यक्षबाई तर स्टूल ओढून स्वप्नालीच्या समोर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"कैसी हो, बेटा?"

"मस्त!" स्वप्नाली म्हणाली. पाठ केलेलंच होतं. मान ताठ, तोंडभर हसू. वर त्यांनी पुढे केलेल्या बशीतलं बिस्कीट उचललं आणि कुणाची मदत न घेता खाल्लं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुरावाची छाती फुगली.

"दवाई कब से बंद है?"

"दिवाळीपासून, मॅडम."

"उसके बाद कोई तकलीफ?"

नेहा मॅडम काहीतरी बोलायला पुढे झाल्या. पण हिंदुरावाची जीभ इतक्या वर्षांची तयार झालेली. "न्हाई मॅडम. सब ओके."

म्हातारे खासदार खुश झाले. पोरीच्या गालाला हात लावून म्हणाले, "वा! म्हणजे औषध बंद होऊनसुद्धा पोरगी ठणठणीत. फार बरं वाटलं बघा."

"होय साहेब," हिंदुराव हसत म्हणाला.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. समिती उठली, नमस्कार झाले, मंडळी जिन्याकडे वळली. हिंदुराव अजून हसतच उभा होता. मग त्या वाक्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. "नवनाथ," तो म्हणाला, "काय बोललो रं मी?" आणि धावतच सुटला.

"साहेब! औषध बंद न्हवतं!"

जिन्याच्या मधल्या पायरीवर सगळे थांबले. हिंदुराव हात जोडून धापा टाकत होता. "दुसऱ्याच्या पोराचं औषध पाजत हुतो मी तिला. त्येच्या जोरावर बसलीय ती. आज संपलं ते. आता पडंल ती, साहेब. दिवाळीनंतर पडली हुती तशीच पडंल."

"आत्ता तर तुम्हीच म्हणालात, बंद आहे आणि काही त्रास नाही," अधिकारी म्हणाला. "यातलं खरं कोणतं धरायचं?"

खासदारांनी अध्यक्षबाईंना हिंदीत समजावलं. त्यांनी नेहा मॅडमकडे पाहिलं. मॅडमचे डोळे भरलेले. "मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. खरंच नव्हतं.

"कोणाचं औषध?" म्हाताऱ्या खासदारांनी विचारलं. "नाव सांगा. आम्हाला खात्री तर करता आली पाहिजे ना? नुसत्या बोलण्यावर कसं लिहिणार?"

घे नाव, मी मनात म्हणत होतो. अरे घे, लेकरू आहे तुझं! हिंदुरावाने तोंड उघडलं. मग मागे वळून व्हरांड्याकडे पाहिलं. तिथे स्वप्नाली अजून मान ताठ धरून बसली होती, बापाने सांगितलं होतं म्हणून.

"न्हाई सांगता येत, साहेब," तो म्हणाला. "तिच्या डोक्यावर हात ठिवलाय."

 मग कुणीतरी चाकणच्या पुढच्या कार्यक्रमाची आठवण केली. गाड्या फाटकातून बाहेर पडल्या. हिंदुराव एका गाडीच्या काचेला हात लावून थोडं पळाला आणि उभा राहिला.

आम्ही वर आलो. स्वप्नालीच्या कपाळावर घाम आला होता.

"पप्पा, गेले का ते?"

"गेले, बाळा."

"आता खाली करू मान?"

"कर."

तिची मान हळूहळू छातीवर आली. "पास झाले का मी?" तिने तसंच विचारलं.

"पैला नंबर," हिंदुराव म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पूनमवहिनीने मांडीवरची पिशवी उघडली. आत मानेचा पट्टा होता, कफाचं मशीनही होतं. सगळं आणलं होतं बिचारीने, सकाळपासून पदराखाली झाकून बसली होती.  पट्टा बांधला आणि पोरीचं तोंड पुसलं.

पुढचं फार सांगवत नाही. बुद्धभूषणला हे कळलं तेव्हा तो कंपनीच्या गेटवर येऊन हिंदुरावावर ओरडला, "वेड्या, घ्यायचं होतंस की नाव! माझं लेकरू तर गेलंच ना!" दोघं मिळून सगळीकडे फिरले. बुद्धभूषणने स्वतः सांगितलं, बायकोनेही सांगितलं. नेहा मॅडमनी दिल्लीला कितीदा लिहिलं, खासदारांच्या दारातही जाऊन आल्या. पण तोवर समितीचा अहवाल संसदेत मांडून झाला होता. औषध थांबल्यावरही या रुग्णालयात पाहिलेली रुग्ण समाधानकारक स्थितीत आहे, असं त्यात आलं होतं. मंडळाचा निर्णय कायम राहिला.

आधी हात गेला, मग घास. गणपतीच्या आधी स्वप्नाली गेली. राख सोडायला आम्ही आळंदीला गेलो, इंद्रायणीत. वहिनीने चाकाची खुर्ची दुर्गाबाईच्या वॉर्डात देऊन टाकली. अजून चकाकते ती.

हिंदुराव कामावर परत आला, पण बोलणं संपलं. दसऱ्याच्या सुमाराला कंपनीत ऑडिट लागलं. पट्टे रंगवले, शेडच्या मागे ताडपत्री अंथरली. साहेबराव त्याच्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "हिंदुराव, नेहमीसारखं सांभाळा बरं का." त्याने मान हलवली.

बाहेरून आलेले साहेब तरुण होते. लाइन बघत बघत हिंदुरावाच्या टेबलापाशी आले. चार प्रश्न झाले, चार उत्तरं झाली. मग जाता जाता, सगळेच विचारतात तसं, त्यांनी विचारलं, "बाकी काही प्रॉब्लेम?"

"हाय, साहेब," हिंदुराव म्हणाला.

प्रेसवरचा माझा हात थांबला. साहेबरावांच्या तोंडचं पाणी पळालं. हिंदुरावाने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि साहेबांना घेऊन मागच्या दाराने शेडच्या पाठीमागे गेला. आम्ही सगळे मागोमाग. त्याने ताडपत्रीचं टोक धरलं आणि सगळी उचलली. खाली गंज चढलेला ढीग, कित्येक महिन्यांचा.

"अहो, हे काय करताय!" साहेबराव ओरडले. "नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

साहेबही गोंधळले होते. "हे तुम्ही मला का दाखवताय?"

"तुमी इचारलं म्हणून," हिंदुराव म्हणाला.

साहेबराव येऊन ताडपत्री त्याच्या हातातून ओढायला लागले. त्याने सोडली नाही. दोन्ही हातांनी ते टोक छातीशी धरून तो तसाच उभा राहिला, साहेबांचं बघून होईपर्यंत.