मधली डमी

दादा चार वाजता येणार होता आणि सव्वा दोनला मधली डमी पुन्हा गळायला लागली.

डमी म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधल्या गोल भोकात ठोकून बसवलेली धातूची वाटी. आत इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं; वाटी गंजली की ते बाहेर वाट काढतं. बाबांच्या जुन्या गाडीला अशा पाच होत्या. मधली डमी धाकटीने, दादाच्या बहिणीने, सकाळीच बदलली होती, चांगली नवी, पितळी. धाकटी गाडीखालून सरपटत बाहेर आली.

"किती?" बाबांनी स्टुलावरून विचारलं.

"मिनिटाला चार थेंब."

"मोजलेससुद्धा. शाबास."

बाबांनी तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली होती. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. गावाची गळती शोधणाऱ्याची स्वतःची गाडी गळते म्हणून शेजारी चेष्टा करत आणि बाबाही हसत. आई गेली तसं ते हसणं आटलं. आता दिवसभर ते खुर्चीत बसून असत. उठत ते फक्त गाडीसाठी. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा दादाने निक्षून सांगितलं, "एकटेच जॅक लावून खाली शिरता. एक दिवस अंगावर घ्याल. रविवारी चारपर्यंत गळायची थांबली नाही, तर क्रेनवाला बोलावतो आणि गाडी भंगारात." बाबा नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" धाकटीला आठ दिवस टोचत होतं.

आता इंजिन गार होईपर्यंत थांबणं भाग होतं. ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पाना उचलला, ठेवला, पुन्हा फाटकापाशी गेली. चुकलं कुठे? भोक पॉलिश पेपरने घासलं होतं. व्हर्नियरने माप घेतलं होतं. पितळ थंडीने आकसतं, म्हणून डमी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती; तीन शतांश मिलिमीटर, गणित करून.

"बस की जरा. शेडच्या फरशीला खड्डा पडेल," बाबा म्हणाले.

ती पाणी प्यायला घरात गेली. फ्रीजमधली बाटली काढून दोन घोट घेतले, तोवर बाटली बाहेरून ओली झाली. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. मग धावत शेडमध्ये आली.

"बाबा, चूक माझीच. गार डमीवर दव धरलं होतं. ओल्यावरच पेस्ट फासली मी. कशी चिकटणार?"

"हो, दिसलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं गणित सांगत होतीस. म्हटलं, शिकलेल्यांचं काही वेगळं असेल." बाबांनी बोटं एकमेकांत अडकवली. "आणि हल्ली माझं कोण ऐकतंय?"

तिने गाडीखाली जाऊन तोटी उघडली आणि पाणी परातीत सोडलं. डमीच्या एका कडेवर पंच ठेवून घाव घातला. ती तिरकी झाली तशी पक्कडीने ओढून काढली. सुदैवाने तिने दोन आणल्या होत्या. दुसरी तिने कोरडी पुसली, कडेला पेस्ट लावली आणि भोकावर धरली. "तुम्ही सांगा," ती म्हणाली.

बाबा स्टुलावरून उठले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाला लावली. हात थरथरत होता, पण कानाशी टेकल्यावर स्थिर झाला.

"पोकळ वाजतंय. मार. वरच्या अंगाला. अजून. हलक्या हाताने गं, खिळा नाही तो."

पाचव्या ठोक्याला त्यांनी बोट वर केलं. "बसली."

डमी किती आत बसली ते मोजायला तिचा हात व्हर्नियरकडे गेला आणि तिथेच थांबला.

पेस्ट वाळेपर्यंत तिने घड्याळाकडे किती वेळा पाहिलं याचा हिशेब नाही. पाणी भरून इंजिन चालू केलं आणि दादा फाटकातून आत आला. इस्त्रीच्या पँटसकट, टॉर्च घेऊन, तो सरळ गाडीखाली शिरला.

"मधली कोरडी आहे," आतून आवाज आला. जरा वेळाने, "मागची मात्र ओली आहे."

धाकटी वाकून गाडीखाली बघू लागली.

"असणारच. पाचही एका दिवशी बसलेल्या," बाबा म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. "मागचीपर्यंत माझा हात पोचत नाही. हिचा पोचतो, पण जोर पुरत नाही. तुझं काम आहे ते."

"बाबा, आपलं ठरलं होतं."

"तुला भीती मी एकटा करतो याची. मग एकट्याला करू देऊ नकोस. चार डमी उरल्यात, रविवारी एक."

दादाच्या खिशात फोन वाजू लागला. त्याने पडल्यापडल्याच खिसा चाचपून फोन कानाला लावला.

"हां, क्रेनवाले. आज नको… नाही, पुढच्या रविवारीही नको. रविवारी मला काम असतं."

फोन ठेवून त्याने गाडीखालून हात बाहेर काढला. "पाना दे. तोटी कुठली?"

"आधी गार होऊ दे," बाबा म्हणाले. "दोघंही सारखीच उतावळी."