बाराव्या ओळीतला गोल

मी एक कार्बन प्रत बोलतेय. उत्तरपत्रिकेच्या पोटाला चिकटूनच जन्मले. वरची ती थोरली, खालची मी धाकटी. प्रवेशपरीक्षा संपली की थोरली तपासणीच्या मशीनकडे जाते आणि मी मुलांबरोबर घरी येते. थोरलीवर पेन्सिलीने रंगवलेला प्रत्येक गोल माझ्यावर उमटतो. खोडरबर मात्र फक्त तिच्यावर फिरतो. माझ्यावर पडलं ते पडलं!

आमची मुलगी अभ्यासू, पण भारी घाईची. बारावा प्रश्न तिने गाळला आणि तेराव्याचं उत्तर बाराव्या ओळीत रंगवलं. मग चौदाव्याचं तेराव्यात. तिसाव्यापाशी आल्यावर कपाळाला हात! खसाखसा खोडून तिने सगळे गोल एकेक ओळ खाली सरकवले.

घरी वडिलांनी मला टेबलावर पसरलं. ते घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून असे बघायला लागले, जशी काही मीच बंद पडलेय.

"अगं, ओळीओळीत दोन-दोन गोल! अशाला मशीन गुणच देत नाही ना?"

"बाबा, वरच्या कागदावर नीट खोडलंय मी."

"नीट म्हणजे किती नीट?" आईने विचारलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या आणि बसल्याच. "मी फार शिकलेली नाही हो, पण मोजता येतं मला." प्रश्नपुस्तिकेतल्या मुलीच्या खुणा उत्तरसूचीशी ताडून त्यांनीच हिशेब मांडला. बरोबरला चार, चुकलं की एक वजा, गाळलं तर काही नाही. सहासष्ट बरोबर, सव्वीस चूक, आठ गाळलेले. दोनशे अडतीस!

तिला हवं ते कॉलेज गेल्या वर्षी दोनशे चाळीसवर थांबलं होतं.

"दोनच गं!" काकू हळहळल्या. पुढे महिनाभर त्या घरात 'दोन' म्हणायची चोरी. आई चहात साखरसुद्धा 'एक आणि अजून एक' चमचा घालायची.

निकाल आला. दोनशे बेचाळीस! कॉलेज यंदाही चाळीसवरच थांबलं होतं. पण आनंदाआधी घरात शिरला संशय, हे जास्तीचे चार आले कुठून? पुन्हा मला बाहेर काढलं. काकूंचं बोट सरकत सरकत बाराव्या ओळीवर थांबलं.

"हा गाळला होतास ना? मग हा गोल कसला?"

"अय्या! सरकवताना हा खोडायचाच राहिला वाटतं!"

काकूंनी उत्तरसूची पाहिली. बाराव्याचं उत्तर नेमकं तेच. मुलीचा चेहरा उतरला. "पण मला तो येत नव्हता, बाबा."

"मशीनला गोल दिसतो, डोकं नाही," वडील म्हणाले. "येत नव्हता ना? मग बस आणि आत्ता शिक."

बसली बिचारी. तीन वेळा चुकली, काकूंवर चिडली, पण संध्याकाळपर्यंत सोडवलाच.

आता मी वडिलांच्या टेबलावर काचेखाली असते. माझ्यावरचे गोल मोजून तिची हुशारी ठरवू नका, एवढंच मागणं. अगदीच राहवत नसेल, तर बारावा प्रश्न आज तिला विचारून बघा.