डावीकडे पडलेली जास्वंद

अंधेरीच्या त्या पुनर्वसन इमारतीत संध्याकाळी सातला तळमजल्यावर चपलांचा ढीग पडला की समजायचं, सोसायटीच्या ऑफिसात मधुकरचा कौल सुरू झाला. गावच्या देवळात गुरव देवाला फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. इथला गुरव मधुकर होता आणि देव मोबाइलात राहत होता. दवाखान्याने पेशंटांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं होतं. गोळ्यांच्या पाकिटावर कॅमेरा धरला की पडद्यावर जास्वंद उमलायची आणि पाकिटाच्या उजवीकडे नाहीतर डावीकडे अलगद पडायची.

मधुकर प्रत्येक फोनचा आवाज आधी स्वतः बंद करी. "देव बोलताना मशीन बोलत नाही. बा देवा म्हाराजा! ह्या लेकराक ही गोळी मानवतली काय, ता सांग रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ऑफिस दणाणायचं.

सुलक्षणाचे सासरे धाकू, त्यांची रक्तदाबाची गोळी डावी पडली. पाकीट मधुकरच्या टोपलीत गेलं, हातात अंगाऱ्याची पुडी आली. अकरा संध्याकाळी पुन्हा कौल, पुन्हा डावा. सुलक्षणा बी.कॉम. होती; रिव्ह्यू वाचल्याशिवाय ती हॉटेलात चहासुद्धा घेत नसे. पण जास्वंद तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती ना!

बाराव्या दिवशी सकाळी धाकू बेसिनपाशी कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली.

त्यांना दवाखान्यात दाखल करून त्याच संध्याकाळी सुलक्षणा कौलाला आली, शेजारच्या मार्सेलिनाला घेऊन. मार्सेलिना मूळची मरोळ गावठाणातली, तीस वर्षं नर्स.

"वहिनी, तुमचा विश्वास कमी पडला," मधुकर म्हणाला.

"ते राहू दे. फोनचा आवाज वाढव," मार्सेलिना म्हणाली.

"देवासमोर?"

"का, घाबरतो की काय तुझा देव?"

मधुकरने नेहमीसारखा हातात घेतलेला सासऱ्यांचा फोन सुलक्षणाने हिसकावला, आवाजाचं बटण दाबलं आणि टोपलीतल्या त्यांच्या पाकिटावर धरला. फूल डावीकडे पडलं आणि फोनमधली बाई शांतपणे बोलली, "ही गोळी सकाळी आठची आहे. आता घेऊ नका. बारा दिवस गोळी चुकली आहे. ताबडतोब डॉक्टरांना भेटा."

"वेळ झाली की उजवीकडे, नसली की डावीकडे. एवढंच," मार्सेलिना म्हणाली. "म्हाताऱ्यांना आवडेल म्हणून पवईतल्या कुणा इंजिनिअरने फूल काढलं. त्याला कौल काय माहीत! सकाळची गोळी संध्याकाळी डावीच पडणार. आणि हे तुला ठाऊक होतं, मधुकर. उगाच नाही तू आवाज बंद करत."

"फूल काय मी पाडलं?"

"नाही रे. माणूस पाडलास."

"माझी साखरेची सकाळचीच आहे गं," जमलेल्यांतला दादू पुटपुटला आणि टोपलीत हात घालून पाकिटं उपसू लागला. मग सगळेच वाकले.

तिसऱ्या आठवड्यात धाकूंना दोन शब्द परत आले.

"आजोबा, नाव काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"होय म्हाराजा."

"गोळ्या वेळेवर घेत होता?"

"होय म्हाराजा."

सुलक्षणा हल्ली इमारतीत दारोदार जाऊन फोनचे आवाज चालू करून देते. भाषण करत नाही. एवढंच सांगते, "गोळी बंद करायची तर डॉक्टरला विचारा. आणि कोणी म्हणालं, आधी हे गप्प करा, तर त्याला पहिल्यांदा विचारा, का? मी विचारलं नाही."

ती आपल्या दाराशी परतली की आतून धाकूंचा आवाज येतो. होय म्हाराजा.